अर्धी गोळी

नागपूर,
शुक्रवार, १६ मार्च १९७९

प्रिय प्रेमिला,

जयभीम. हे पत्र तुला तुळसाबाई आणून देईल. ती आमच्या दवाखान्यातली जुनी आया. तिला वाचता येत नाही, म्हणून मुद्दाम तिच्याच हाती देते आहे. तू वर पुरुषांच्या वॉर्डात मधुकरच्या खाटेशी बसली आहेस आणि मी खाली औषधांच्या खिडकीमागे. मध्ये फक्त बावीस पायऱ्या आहेत. तरी लिहिते आहे, कारण काल मी वर आले तेव्हा तू पदर सारखा केलास आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस. तुझ्या पाठीशी बोलण्यापेक्षा कागद बरा. फाडायचा झाला तर फाड, पण सगळा वाचून मग फाड. मधुकरच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि सोमवारी तो घरी गेला की तो जीव डॉक्टरांच्या हातात राहणार नाही, तुझ्या आणि माझ्या हातात राहील.

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे तुझं अर्धं भांडण इथेच मिटेल. मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, बारा वर्षांचा आहे, आणि मी तो नीट जपलेला आहे. तुझ्या लग्नात तुझ्या पांढऱ्या साडीला खांद्यावर पिन मीच लावली होती. ती टोचत होती म्हणून तू दोनदा माझ्याकडे वळून बघितलंस. मी मुद्दामच तशी लावली होती. त्याहून मोठं काही करायची माझी हिंमत नव्हती. वंदना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि मी मात्र त्याच्याकडे बघत होते, हा माणूस चुकून तरी एकदा माझ्याकडे बघतो का म्हणून. नाही बघितलं त्यानं. मग सगळे मला सांगू लागले की मधुकर आता तुझे भाऊजी झाले. बारा वर्षांत माझ्या तोंडून एकदाही भाऊजी निघालं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्या लक्षात सगळं येतं.

तू माझं काही चोरलं असतंस तर बरं झालं असतं. चोरीचा राग धरता येतो. तू तर काहीच केलं नाहीस. उमरेडला आपल्या दोघींच्या बापांचे माग एका ओळीत. छप्पन साली दीक्षेला आपली दोन्ही घरं एकाच बैलगाडीतून नागपूरला आली, तेव्हा आपण दहा वर्षांच्या, एकीच्या मांडीवर दुसरीचं डोकं. पुढे सकाळच्या एसटीनं आपण रोज नागपूरला यायचो, मी औषधांच्या डिप्लोमाला आणि तू शिवणक्लासला. मधुकर त्या गाडीचा कंडक्टर. माझी पुस्तकांची पिशवी तो वरच्या फळीवर ठेवून द्यायचा आणि म्हणायचा, "काय वं, दगड भरून आणून राहिली का रोज?" बस, एवढंच. एवढ्या भांडवलावर मी दोन वर्षं काढली. तुझ्याशी तो बोलायचासुद्धा नाही, तिकीट देऊन पुढे जायचा. मला काय माहीत, पुरुष जिच्याशी बोलायला घाबरतात तिच्याच घरी मामाला पाठवतात. त्याचे मामा येऊन गेले त्या संध्याकाळी तू धावत माझ्याकडे आलीस. "गोपिका, मले काही समजूनच नाही राहिलं वं," म्हणत माझ्या गळ्यात पडलीस. मी तुला लिंबाचं सरबत करून दिलं. साखर घालायला विसरले की घातलीच नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. तू मात्र सगळं प्यायलीस.

माझ्या मनातलं तुला कधी कळलं तेही मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याला, दीक्षाभूमीवरच्या गर्दीत. मधुकरला घेरी आली, तू पोरांना सांभाळत होतीस आणि मी तुझ्याआधी पाणी घेऊन पोचले. तू माझ्या हातातला पेला घेतलास, त्यातलं पाणी ओतून दिलंस आणि आपल्या तांब्यातलं त्याला पाजलंस. त्या दिवसापासून तू मला प्रतापनगरला घरी ये म्हणाली नाहीस. मीही आले नाही.

त्या घेरीनंतरच त्याचं हृदय अशक्त झाल्याचं निघालं आणि ती बारीक पांढरी गोळी सुरू झाली. एसटीवाल्यांनी त्याला गाडीवरून काढून डेपोत हलक्या कामाला बसवलं, तिकिटांचे गठ्ठे लावायला. आणि तो दर बुधवारी माझ्या खिडकीवर येऊ लागला. प्रेमिला, आता जे लिहिते ते वाचून तुला माझा तिटकारा येईल, पण येऊ दे. तुझ्या नवऱ्याचं दुखणं हा माझा आठवड्याचा सण झाला. मी बुधवारी बरी साडी नेसते. रांगेत लोक असले की तो मला गोपिकाबाई म्हणतो, रांग सरली की गोपिका. म्हणून त्याचा कागद मी खाली ठेवते, शेवटी घेते. महिन्याची औषधं एकदम देता येतात, मी एकाच आठवड्याची देते. विचारलं कोणी तर सांगायला कारण तयार होतं, नजर ठेवावी लागते म्हणून. ते कारण खोटंही नव्हतं, पण ते माझं कारण नव्हतं.

आणि त्या दहा मिनिटांतही येऊन-जाऊन तूच असायचीस. त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तर पुढच्या बुधवारी ते लागलेलं असे, दोऱ्याचा रंगसुद्धा जुळवलेला. मी विचारायचे नाही, तोच सांगायचा, "प्रेमिलानं आज बिनमिठाचं वरण देल्लं, नरड्याखाली उतरून नाही राहिलं." तक्रार करायचा आणि हसायचा. त्या हसण्यासाठी मी तुझा सगळ्यात जास्त हेवा केला. तू त्याच्यावर रागावू शकतेस, मीठ काढून घेऊ शकतेस, ताट पुढे सरकवून बाजूला बसू शकतेस. मला गजांच्या अलीकडून गोडच बोलावं लागतं. घरी माझी आई, रुखमाबाई, तिला तू ओळखतेसच, संध्याकाळी मला म्हणते, "काहून वं, साऱ्या गावाले गोळ्या वाटून राहिली, सोताचं काही पाहशील का नाही?"

आता माझ्या कामाचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तुला वाटत असेल, डॉक्टर लिहून देतात आणि मी डबीतून काढून पाकिटात घालते. बऱ्याच जणींचं काम तेवढंच असतं. पण ज्याच्या किडन्या गेल्या आहेत त्याचा केसपेपर आला की मी तो बाजूला ठेवते आणि रक्ताच्या तपासणीचा आकडा बघते. किडनी चांगली असली की औषध काम करून लघवीवाटे निघून जातं. ती बंद पडत आली की निघत नाही. उमरेडच्या गाडीत एकही माणूस उतरला नाही आणि दर स्टॉपवर नवे चढतच राहिले तर जे होईल ते माणसाच्या अंगात होतं. कालची गोळी बसलेली असते, वर आजची येते. औषध तेच असतं, रोजचंच, आणि त्याचं विष होतं. मागच्या वर्षी बाबाराव नावाच्या एका म्हाताऱ्याला दिवसातून तीन वेळा असं इंजेक्शन लिहिलं होतं की आठ दिवसांत त्याचे कान गेले असते. मी वर जाऊन सांगितलं. तरुण डॉक्टर म्हणाले, औषध ठरवणं आमचं काम, देणं तुमचं. मी कागद हातात धरून तिथंच उभी राहिले. शेवटी मोठे डॉक्टर आले, त्यांनी आकडा बघितला आणि तीन वेळांची एक वेळ केली. बाबाराव अजून मोटारीचा भोंगा ऐकून बाजूला होतो. हे मी फुशारकी म्हणून लिहिते आहे. माझ्याजवळ फुशारकी मारण्याजोगं दुसरं काही नाही.

माझा आणखी एक नियम आहे. मी औषध रोग्याला समजावून सांगत नाही. मी विचारते, घरी औषध कोणाच्या हातानं होतं? बायको असेल, आई असेल, सून असेल, तिला बोलावून घेते. ती आल्याशिवाय पाकीट देत नाही. लोक कुरकुरतात, पण दुसऱ्या दिवशी घेऊन येतात. मग तिला गोळी दाखवते, कमी का केली ते सांगते आणि तिच्याकडून परत म्हणवून घेते.

गेल्या हिवाळ्यात मधुकरच्या रक्ताचा आकडा आला, तो मीच आधी बघितला. किडन्या चालल्या होत्या. हृदयाची ती बारीक गोळी किडनीच्या रोग्याला फार सांभाळून द्यावी लागते. तिच्यात गुण किती आणि विष किती यात एका गोळीचंही अंतर नसतं. मी वर गेले, मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, आणि त्यांनी रोजच्या पूर्ण गोळीची अर्धी केली, तीही आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार काहीच नाही. तेव्हा तुझा जो संशय आहे तो खरा आहे. अर्धी गोळी माझ्याच सांगण्यावरून झाली. त्या गोळ्यांचे तुकडे मी स्वतः ब्लेडनं करते, सारखे दोन, आणि पाच तुकडे पाकिटात घालून वर वार लिहिते.

आणि ते पाकीट तुझ्या घरी गेलं. त्या वेळी तुला काय दिसलं असेल हे मला या तीन दिवसांत हजार वेळा दिसलं आहे. नवरा दिवसेंदिवस सुकतो आहे, आणि जिला तो मिळाला नाही ती बाई त्याच्या गोळीचे दोन तुकडे करून अर्धं स्वतःकडे ठेवते आहे. दोन दिवस तर उपासच. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. जुनी चिठ्ठी घेऊन बर्डीच्या बाजारातल्या औषधांच्या दुकानात गेले असते, पूर्ण गोळ्यांची बाटली आणली असती आणि रोज सकाळी चहाबरोबर माझ्या हातानं एक दिली असती.

हे मला बुधवारी कळलं. मधुकर आला तो खिडकीच्या कठड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, आठ दिवस अन्न बघवत नाही, सकाळी दोनदा ओकलो. मग हसत म्हणाला, "गोपिका, डेपोत मजाच होऊन राहिली. सगळी तिकिटं मले पिवळीच दिसतात. पांढऱ्या गठ्ठ्यावर पिवळा ठेवून देतो. लोक म्हणतात चष्मा घे." प्रेमिला, हे चष्म्याचं काम नव्हतं. सगळं पिवळं दिसणं हे त्या गोळीचंच विष आहे, पुस्तकात वाचलेलं, पहिल्यांदा समोर बघितलं. मी गजांतून हात बाहेर काढला आणि त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात माझ्या हातात आला, आणि मी घड्याळाकडे बघत ठोके मोजले. मिनिटाला चव्वेचाळीस.

तेव्हा मी त्याला विचारलं की घरी गोळी कोण देतं. तो पाकिटाशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "सकाळची प्रेमिला देते, पूर्ण, जुन्या चिठ्ठीवर आणलेल्या बाटलीतली. ती म्हणते, गोपिकाले काय जाते मोजूनमापून देवाले, माणूस माहा आहे. तिले नाही म्हटलं तं तिचा जीव तुटते. तुही अर्धी मी दुपारी डेपोत घेतो. नाही घेतली तं तुले वाटन, माह्या बोलण्याले काही किंमतच नाही." म्हणजे तुला माहीत नव्हतं की तो माझी अर्धी घेतो, आणि मला माहीत नव्हतं की तू पूर्ण देतेस. दोघींचं मन राखायला या शहाण्यानं दीड दीड गोळी खाल्ली. माझे तुकडे निदान शनिवार-रविवार सुट्टी घेत होते. तुझी गोळी सातही दिवस. इतका राग मला त्याचा आयुष्यात आला नव्हता, आणि तो राग काढायचा हक्क इथेही तुझाच.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. त्याला वर नेलं, गोळी बंद केली, पोटात नळी घातली. डॉक्टरांनी तुला विचारलं, घरी आणखी काही देत होतात का? तू म्हणालीस, "नाही जी, मी काहीच नाही देत." मी दाराशी उभी होते. तू माझ्याकडे बघून नाही म्हणालीस. मी तिथं नसते तर तू खरं सांगितलं असतंस, याची मला खात्री आहे. मग बाहेर व्हरांड्यात मी डॉक्टरांना म्हटलं की रोज दीड गोळी जात होती, चुकून. कोणाकडून ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज सकाळी ठोके अठ्ठावन्न आहेत. त्यानं तुळसाबाईला सांगितलं म्हणे की तिच्या लुगड्याचा काठ हिरवा दिसतो. तो हिरवाच आहे.

पण सोमवारी तो घरी जाईल, आणि ती बाटली तुझ्या फडताळात आहे. म्हणून नीट वाच. आता डॉक्टर सांगेपर्यंत कुठलीच गोळी द्यायची नाही. नंतर परत अर्धीच सुरू होईल, कदाचित त्याहून कमी. अंगदुखीची गोळी दुकानातून आणायची नाही. लघवी कमी होते म्हणून कोणी लघवी मोकळी करायचं ते खारट मिश्रण सुचवलं तर तेही नाही, त्यानं अशा माणसाचं हृदय बंद पडतं. जेवण नकोसं झालं, ओकारी आली किंवा परत रंग बिघडले, तर बुधवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घेऊन यायचं. यातलं काही माझ्यावर विश्वास ठेवून ऐकू नकोस. मोठ्या डॉक्टरांना विचार, ते अक्षरशः हेच सांगतील.

हे सगळं मी तुला तोंडी, वर येऊन, दोन मिनिटांत सांगू शकले असते, डॉक्टरांकडूनही सांगवलं असतं. पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. सहा वर्षांत मी शेकडो बायकांना त्या खिडकीवर बोलावून घेतलं. कोणाची आंधळी आई आली, कोणाची बाळंतीण बायको आली. एका मधुकरच्या घरच्या माणसाला मी बोलावलं नाही. विसरले नव्हते. पहिल्याच आठवड्यात प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, आणि मी तो गिळला. कारण तू आली असतीस तर दर बुधवारी तूच आली असतीस, आणि माझी दहा मिनिटं गेली असती. अर्धी गोळी का, हे तुला मी तेव्हाच सांगितलं असतं तर ती बाटली तू विकत आणलीच नसतीस. तुझ्या हातून गोळी गेली ती मायेपोटी, माझा प्रश्न राहिला तो हेव्यापोटी. डॉक्टर याला चूक म्हणणार नाहीत, कुठल्या कागदावर हे येणार नाही, म्हणून मीच लिहून तुझ्या हाती देते आहे. आता तुला जे करायचं ते कर. फक्त एक ऐक. येत्या बुधवारी त्याला पाठवू नकोस. तू ये. रांगेत उभी राहा, मी तुला सगळं समजावून सांगीन आणि डॉक्टर देऊ देतील तितक्या दिवसांचं औषध एकदम देईन. त्यानंतर दरवेळी तूच ये. त्यानं या खिडकीवर परत येऊ नये, आणि आलाच तर मी त्याला औषध देणार नाही. मला तो जिवंत हवा आहे प्रेमिला, तुझ्या घरात का होईना.

तू मान अगर मानू नको, तुझीच,
गोपिका